तांब्याची केबल आणि तांब्याचा मुलामा दिलेली केबल

काउंटरवर दोन डबे शेजारी ठेवले तर वरून फरक कळत नाही. दोन्हींवर कॅट-५ई (नेटवर्क केबलची एक जात) छापलेलं, दोन्ही ३०५ मीटरचे, आवरण सोललं की दोन्हींतून तांबूस आठ तारा बाहेर येतात. भावात मात्र बरंच अंतर. स्वस्त डब्यावर कुठेतरी बारीक छापलेलं असतं, ‘सीसीए’, म्हणजे कॉपर क्लॅड अ‍ॅल्युमिनियम. आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा थर. अमळनेर-पारोळ्याकडचं गिऱ्हाईक विचारतं, “दादा, हाई असल तांबं शे ना?” आणि दुकानदार “कॉपरच आहे” म्हणतो, तेव्हा तो साधारण दहा-पंधरा टक्के खरं बोलत असतो. तारेच्या आकारमानात तांब्याचा वाटा बहुधा तेवढाच असतो.

अ‍ॅल्युमिनियम वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. महावितरणच्या खांबांवरून गावात येणारी उघडी तार बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचीच असते, ताण सहन व्हावा म्हणून कित्येकदा मधे पोलादी गाभा असतो. तांब्याच्या तुलनेत अ‍ॅल्युमिनियमची वाहकता ६१ टक्के आणि घनता तिसऱ्या हिश्श्याहून कमी, त्यामुळे तार जाड घेतली की हिशेब जुळतो. मुलामाही मुळात फसवणूक नव्हे. डिश अँटेनाच्या आरजी-६ केबलची मधली तार कित्येकदा पोलादावर तांबं चढवलेली असते, अर्थिंगचा रॉडही तसाच, आणि दोन्ही आपापलं काम चोख करतात. भानगड होते ती तांब्याच्या मापाची तार म्हणून सीसीए गळ्यात मारली जाते तेव्हा.

नेटवर्कच्या केबलमध्ये ही भानगड लवकर उघडकीस येत नाही, त्याचं कारण मजेदार आहे. कंपनसंख्या वाढली की प्रवाह तारेच्या कातडीवरून धावतो. १०० मेगाहर्ट्झला तांब्यात तो जेमतेम ६-७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) खोल जातो, आणि अर्धा मिलिमीटर जाडीच्या सीसीए तारेवर तांब्याचा थर असतो १३ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे सिग्नलचा वरच्या कंपनसंख्येचा भाग तांब्यातूनच जातो, आतलं अ‍ॅल्युमिनियम त्याला दिसतही नाही. इंटरनेट चालतं, स्पीड मिळतो. आठ दिवे पेटवणारा स्वस्त टेस्टर तर फक्त तार तुटलेली नाही एवढंच सांगतो. सगळं पास.

मग त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज द्यायची वेळ येते. पीओईची (पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच दिलेली) वीज डीसी असते, तिची कंपनसंख्या शून्य, म्हणून ती तारेचा सगळा छेद वापरते आणि तिथे अ‍ॅल्युमिनियम गाठ पडतं. ३० वॉटच्या पीओईचं मानक १०० मीटरला जाऊन-येऊन (जाताना दोन तारा एकत्र, येताना दोन) जास्तीत जास्त १२.५ ओहम रोध धरतं. अर्धा मिलिमीटर जाडीच्या शुद्ध तांब्यात तो सुमारे ८.४ भरतो. त्याच जाडीच्या सीसीएत १३. आणि स्वस्त माल बहुतेक वेळा बारीकही असतो, जाडी ०.४ मिलिमीटर निघाली तर आकडा २१ वर जातो. स्विचकडून ५० व्होल्ट निघाले आणि ०.६ अँपिअर वाहू लागले की वाटेतच १२-१३ व्होल्ट जातात. त्या टोकाला निदान ४२.५ व्होल्ट लागतात, पोचतात ३७. गोल फिरणारा कॅमेरा दिवसभर ठीक दिसतो, रात्री इन्फ्रारेड दिवे पेटले की बंद पडून पुन्हा चालू होतो, आणि सगळे कॅमेऱ्यालाच नावं ठेवतात.

हे आकडे २० अंश तापमानाचे आहेत. जळगाव-भुसावळला मे महिन्यात हवाच ४५च्या वर जाते, पत्र्याखालच्या पाइपातली केबल त्याहून तापते. दर अंशाला रोध सुमारे ०.४ टक्का वाढतो, म्हणजे ६० अंशाला सोळा टक्के जादा. ज्या केबलचं गणित आधीच काठावर, ती पहिल्या उन्हाळ्यातच रुसते.

शेतात हाच हिशेब मोटारीच्या अंगावर येतो. ५ एचपीची थ्री-फेज सबमर्सिबल साधारण ८ अँपिअर घेते. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल २०० मीटर टाकली तर ११-१२ व्होल्ट पडतात, सीसीएत १८. केळीच्या बागेला पाणी भरायच्या दिवसांत लाइनलाच व्होल्टेज कमी, त्यात ही गळती. मोटार जास्त अँपिअर ओढते, वाइंडिंग तापतं. विहिरीवरची केबल चोरणारा मात्र सहसा फसत नाही, भंगारात कशाला भाव येतो ते त्याला पक्कं ठाऊक.

घरातल्या वायरिंगचा धोका वेगळा, तिथे सांधे घात करतात. अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं की त्यावर लगेच ऑक्साइड धरतं आणि ते वीज नेत नाही. शिवाय स्क्रूखाली दाबलं की ते हळूहळू पसरतं, तापलं-निवलं की तांब्यापेक्षा जास्त फुगतं-आकसतं. एमसीबीचा स्क्रू ढिला होतो, सांधा तापतो, आवरण तपकिरी पडतं.

ओळखायला फार काही लागत नाही. ब्लेडने तार खरवडा: तांबं आतूनही तांबूस, सीसीए चांदीसारखी पांढरी. एक बारीक तार लायटरवर धरा: तांबं लाल होऊन तसंच राहतं, सीसीए वाकून गोळा होते, कारण अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशालाच वितळतं आणि तांब्याला १०८५ लागतात. १.५ चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर गुंडाळीत नुसतं तांबंच १.२ किलो असतं, सीसीए असेल तर धातू अर्धा किलोही नाही. गुंडाळी हातात घेतली तरी कळतं.

डबा न फोडता बघायचं तर मल्टिमीटर घ्या. दोन्ही टोकं बाहेर असलेल्या ३०५ मीटरच्या डब्यात एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा पिळून जोडा आणि दुसऱ्या टोकाला मोजा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्यात ५१-५२ ओहम, दुपारच्या उकाड्यात ५५. मीटरने ८० दाखवले तर डबा परत करा.

आधीच बसवलेली सीसीए नेटवर्क केबल लगेच उपटायची गरज नाही. संगणक आणि स्विचच्या मधे, वीज न देता, जवळच्या अंतरावर ती चालू द्या आणि कॅमेऱ्याला जागेवरच अ‍ॅडॉप्टर लावा. भिंतीतली असेल तर मात्र वायरमनला बोलवा: गिझर, कूलर, मोटारीच्या लाइनी पहिल्यांदा बदला, दिव्यांच्या नंतर. नवीन माल घेताना बिलावर ‘शुद्ध तांबे’ आणि चौरस मिलिमीटरचं माप लिहून घ्या. दुकानदार लिहायला का-कू करू लागला तर बाजारात दुसरं दुकान असतंच.