रेंज गेली तरी फोनला जागा कळते

पाऊस लागला की राधानगरी, गगनबावडा, भुदरगडकडच्या ओढ्यांवर रात्री बॅटऱ्या फिरायला लागतात. कुणी खेकडे धरायला निघतं, कुणी चढणीच्या माशांमागे. (शिकारीचा विषयच नको. ती 1972 च्या कायद्याने बंद आहे आणि दाजीपूरचं रान 1958 पासून गव्यांचं अभयारण्य आहे.) या मंडळींकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तिथं रेंजच नसते, जीपीएस काय चालणार?" हा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

जीपीएसला टॉवर लागत नाही, नेट लागत नाही, सिमकार्डसुद्धा लागत नाही. फोन उपग्रहाला काही पाठवतच नाही, नुसता ऐकतो. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो, की मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता अमुक वेळ झाली आहे. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटरने येतो. वाटेत किती वेळ गेला हे कळलं की अंतर कळलं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं मिळाली की जागा सापडायला हवी.

पण सापडत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. उपग्रहात अणुघड्याळ असतं, फोनमध्ये साधं क्वार्ट्झचं. ते एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने, म्हणजे एका मायक्रोसेकंदाने चुकलं तरी अंतरात 300 मीटरचा फरक पडतो. मात्र ही चूक सगळ्या उपग्रहांच्या बाबतीत सारखीच असते. घड्याळ पुढे असेल तर सगळीच अंतरं सारख्याच मापाने वाढलेली दिसतात. म्हणून फोन चौथा उपग्रह घेतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाची चूक अशी चार अज्ञातं, चार समीकरणं. घड्याळाची एकच दुरुस्ती अशी असते, जिने चारही अंतरं एका बिंदूवर जुळतात. म्हणजे जागा शोधता शोधता फोनचं घड्याळही अणुघड्याळाशी जुळतं! शिवाय आइनस्टाइनच्या सापेक्षतेचा हिशोब आहेच. उपग्रहातली घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात, म्हणून ती सोडण्याआधीच तेवढी मंद करून ठेवतात.

रेंज नसली की एक फरक पडतो, वेळ लागतो. उपग्रह आपली कक्षेची माहिती सेकंदाला 50 बिट्स इतक्या संथपणे सांगतो. नेट असेल तर तीच माहिती तिथून झटकन मिळते. तेव्हा झाडाखालून उघड्यावर या आणि मिनिटभर तरी थांबा. दरीत कड्यांवरून लहरी परावर्तित होतात, तिथे आकडा थोडा हलतो.

आपल्याकडे रानात फिरून फिरून त्याच जागी आलं की चकवा लागला म्हणतात. भूतबित काही नसतं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या प्रयोगात दिसलं, की ढगांमुळे सूर्य दिसेनासा झाला की जंगलात माणसं सरळ चालतोय असं समजून गोल फिरतात. जोतिबाचं नाव जरूर घ्या, पण आकडे बघा.

ते बघायला नकाशात निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा. अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटर, म्हणजे दशांश चिन्हापुढचा चौथा आकडा 11 मीटरचा. चार आकडे सांगितले तरी शोधणाऱ्याला पुरतात. धोका आहे तो लिहिण्याच्या पद्धतीत. 16.4100 अंश म्हणजेच 16 अंश 24.6 मिनिटं. हे दुसरं कुणी घाईत 16.246 असं लिहून घेतलं, तर शोधपथक 18 किलोमीटर दक्षिणेला जाईल. म्हणून 112 या आपत्कालीन क्रमांकाला फोन लागला तर "सोळा पॉइंट चार एक शून्य शून्य" असा एकेक आकडा सांगा, "अंश, दशांशात" हेही सांगा आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या. रेंजची एखादीच काडी असेल तर फोनपेक्षा साधा एसएमएस जायची शक्यता जास्त. तो घरच्यांना पाठवा. त्यात आकड्यांबरोबर वेळ लिहा आणि तुम्ही ओढ्याच्या कुठल्या काठाला आहात तेही लिहा, कारण पाणी वाढल्यावर पलीकडचा काठ नकाशावर वीस मीटरवर दिसला तरी तिथवर पोचायला लांबच्या पुलावरून यावं लागतं.