हाताला कळलेला घन डोळ्याला कळेल का?

एखाद्या जन्मांध माणसाला एकाच धातूचे घन आणि गोल चाचपून ओळखता येत असतील आणि त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता, नुसते पाहून त्यातला घन कोणता आणि गोल कोणता हे त्याला सांगता येईल काय? डब्लिनचे अभ्यासक विल्यम मॉलिन्यू यांनी हा प्रश्न इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्रातून विचारला होता. मॉलिन्यू यांच्या पत्नीची दृष्टी लग्नानंतर लवकरच गेली होती, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हा केवळ बौद्धिक खेळ नसावा. मन म्हणजे कोरा कागद, त्यावर सारे काही अनुभवच लिहितो, असे मानणाऱ्या लॉक यांनी ‘नाही’ असे उत्तर देऊन मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथाच्या १६९४च्या आवृत्तीत तो प्रश्न घेतला.

तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली यांनी १७०९ मध्ये याच ‘नाही’चा अर्थ पार पुढे नेला. त्यांच्या मते, डोळ्याला दिसणारा घन आणि हाताला लागणारा घन यांच्यात मुळात काहीच समान नसते. ‘पाणी’ या शब्दात जसा ओलावा नसतो आणि सवयीनेच तो शब्द पाण्याकडे बोट दाखवतो, तसेच रंग आणि छाया सवयीने स्पर्शाकडे बोट दाखवतात. मग ही भाषा बोलतो कोण? बर्कली यांचे उत्तर होते, ईश्वर. पुढे बिशप झालेल्या या विचारवंताची श्रद्धा इथे दृष्टिशास्त्रातूनच वर येते, आणि मला त्यांच्या विचारातला हा सर्वांत धाडसी भाग वाटतो.

१७२८ मध्ये विल्यम चेझल्डन या शल्यविशारदाने मोतीबिंदू काढल्यावर दिसू लागलेल्या एका अंध मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मांजर कोणते आणि कुत्रा कोणता हे तो मुलगा सारखे विसरे. शेवटी त्याने मांजराला पकडून चाचपले, त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि आता पुढच्या वेळी तुला ओळखीन, असे त्याला सांगितले.

नेमकी कसोटी मात्र दिल्लीत लागली. अंध मुलांवर उपचार करून त्यांच्या दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या, संशोधक पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या ८ ते १७ वर्षांच्या ५ मुलांची परीक्षा घेण्यात आली आणि २०११ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक ठोकळा पाहून नंतर दोन ठोकळ्यांतून तोच निवडताना ही मुले ९० टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ठरली, म्हणजे त्यांना पुरेसे दिसत होते. पण आधी हाताने चाचपलेला ठोकळा नजरेने निवडताना त्यांचे उत्तर जवळजवळ अंदाजावरच राहिले. पुन्हा तपासता आलेल्या मुलांना काही दिवसांतच, वेगळे प्रशिक्षण न देता, तेच बरेच चांगले जमू लागले होते.