‘एलेजी’ : कांतेलेतारच्या दुःखगाण्यांवर उभा राहिलेला अल्बम

फिनलंडच्या अमॉर्फिस या बँडचे नाव निघाले की मेटल, म्हणजे जड गिटारींचा कडक रॉक, ऐकणाऱ्या बहुतेक रसिकांना आधी १९९४ चा ‘टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स’ आठवतो, आणि त्यानंतर आठवतात ते थेट २००६ पासूनचे, टोमी यौत्सेन हे गायक म्हणून आल्यानंतरचे अल्बम. या दोन टप्प्यांच्या मध्ये, मे १९९६ मध्ये, ‘एलेजी’ प्रसिद्ध झाला. त्याला कुणी वाईट म्हणत नाही. उलट जाणकारांच्या याद्यांत तो असतोच. पण त्याच्याविषयी थांबून, सविस्तर असे फार कमी बोलले जाते. लोकसंगीत आणि मेटल यांची सांगड घालणाऱ्या अल्बमांमध्ये लोकगीताच्या शब्दांना इतक्या गांभीर्याने सामोरा गेलेला दुसरा अल्बम मला सापडलेला नाही. हे गांभीर्य कुठून आले, हे समजून घेण्यासाठी मात्र आधी एकोणिसाव्या शतकातल्या फिनलंडमध्ये जावे लागते.

१८०९ पर्यंत फिनलंड हा स्वीडनच्या राज्याचा भाग होता आणि त्या वर्षी तो रशियाच्या झारच्या अमलाखाली गेला. शिकलेल्या वर्गाची आणि कारभाराची भाषा स्वीडिश होती. फिनिश बोलणारे बहुसंख्य असूनही त्या भाषेत लिखित साहित्य अगदी थोडे होते. या परिस्थितीत फिनिश भाषेच्या अभ्यासासाठी आणि संवर्धनासाठी १८३१ मध्ये फिनिश साहित्य संस्था स्थापन झाली. एका शिंप्याच्या घरात १८०२ मध्ये जन्मलेले आणि पुढे कायानी या दूरच्या गावी जिल्हा-डॉक्टर झालेले एलियास ल्योनरूट हे या चळवळीतले सर्वांत महत्त्वाचे नाव. रुग्णसेवा सांभाळून ते पूर्वेकडच्या कारेलिया प्रदेशातल्या खेड्यापाड्यांत पायी हिंडत आणि म्हाताऱ्या गायकांकडून व गायिकांकडून गाणी उतरवून घेत. त्यातून १८३५ मध्ये ‘कालेवाला’ हे महाकाव्य प्रसिद्ध झाले, आणि १८४९ मध्ये त्याची पन्नास सर्गांची आणि २२,७९५ ओळींची वाढवलेली आवृत्ती निघाली. फिनिश राष्ट्रभावनेचा पाया म्हणून ‘कालेवाला’ जगभर ओळखला जातो.

या दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात, १८४० आणि १८४१ मध्ये, ल्योनरूट यांनी आणखी एक संग्रह प्रसिद्ध केला. तो म्हणजे ‘कांतेलेतार’. मांडीवर किंवा टेबलावर ठेवून बोटांनी छेडायच्या कांतेले या पारंपरिक तंतुवाद्यावरून त्याला हे नाव मिळाले आहे. त्यात साडेसहाशेच्या आसपास गाणी तीन भागांत लावलेली आहेत. पहिल्या भागात सर्वांनी म्हणायची गाणी, दुसऱ्यात मुलींची, बायकांची, मुलग्यांची आणि पुरुषांची गाणी, तर तिसऱ्यात कथागीते. ‘कालेवाला’मध्ये वीर आहेत, जादू आहे, युद्धे आणि प्रवास आहेत. ‘कांतेलेतार’मधली माणसे बिननावाची आहेत: सासरी कष्ट उपसणारी सून, आईबाप नसलेले पोर, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा गडी, पाण्याच्या काठी बसून रडणारी मुलगी. या संग्रहातल्या अनेक गाण्यांचे श्रेय इलोमांत्सी भागातल्या माटेली कुइवालतार या गायिकेकडे जाते. ल्योनरूट त्यांना १८३८ मध्ये भेटले होते. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या किंवा वाचल्या आहेत, त्यांना या गाण्यांचा स्वभाव वेगळा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

या जुन्या गाण्यांचे छंदशास्त्रही लक्षात घ्यायला हवे, कारण पुढे ते थेट अल्बमच्या चालींपर्यंत पोहोचते. ओळ साधारण आठ अक्षरांची, तिच्यात गुरु-लघूची ठरावीक आवर्तने, अंत्ययमक जवळजवळ नाही, पण ओळीच्या आत अनुप्रास भरपूर; आणि एका ओळीत सांगितलेली गोष्ट पुढच्या ओळीत वेगळ्या शब्दांनी पुन्हा सांगण्याची सवय. या पुनरुक्तीमुळे गाणे पुढे धावत नाही, ते एकाच दुःखाभोवती फिरत राहते. कीथ बॉस्ली यांनी केलेला ‘कांतेलेतार’मधल्या निवडक गाण्यांचा इंग्रजी अनुवाद १९९२ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. बॉस्ली यांनी मूळ छंद इंग्रजीत ओढूनताणून न आणता साधारण सात अक्षरांच्या आखूड ओळींची रचना वापरली. ‘एलेजी’मधल्या गाण्यांचे शब्द याच इंग्रजी रूपातले आहेत. त्यामुळे या अल्बमचे शब्द नेहमीच्या रॉक गीतासारखे वाटत नाहीत. ओळी तुटक, जड आणि कोरड्या आहेत आणि त्यांत सजावट नावालाही नाही.

अमॉर्फिसची स्थापना १९९० मध्ये हेलसिंकीत झाली. ड्रमवादक यान रेखबर्गर, गिटारवादक एसा होलोपाइनेन आणि टोमी कोइवुसारी, तसेच बासवादक ओल्ली-पेक्का लाइने हे सुरुवातीचे सभासद होते. कोइवुसारी त्याआधी अबॉरन्स या डेथ मेटल (गुरगुरत्या आवाजात गायचा, मेटलचा अधिक जड प्रकार) वाजवणाऱ्या बँडमध्ये होते आणि अमॉर्फिसमध्येही घशातून काढलेला खर्जातला गुरगुरता आवाज त्यांचाच होता. अमेरिकेच्या रिलॅप्स कंपनीकडून आलेला पहिला अल्बम ‘द कारेलियन इस्थमस’ हा त्या काळच्या उत्तर युरोपीय डेथ मेटलच्या चौकटीतला होता. दुसऱ्या अल्बमसाठी हा चमू स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत गेला. स्वीडिश डेथ मेटलचा तो प्रसिद्ध करवती गिटारध्वनी जिथे घडला, तोच हा स्टुडिओ. मात्र या वेळी शब्द ‘कालेवाला’मधून घेतले होते आणि कॅस्पर मार्टेन्सन यांच्या की-बोर्डमुळे सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकची (लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकची) छटा उघडपणे आली होती.

‘टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स’ गाजला, आणि तो गाजण्यात ‘ब्लॅक विंटर डे’ या गाण्याचा वाटा मोठा होता. हे गाणे कुठल्याही वीराचे नाही. ‘कालेवाला’मध्ये पाठवणीच्या प्रसंगी नववधू जे बोलते, त्यातले ते शब्द आहेत. भाग्यवंतांचे मन वसंतातल्या पहाटेसारखे असते, माझे मात्र हिवाळ्यातल्या काळ्या दिवसासारखे आहे, असे ती म्हणते. म्हणजे या बँडचे सर्वांत गाजलेले गाणे मुळातच लग्न होऊन निघालेल्या मुलीचे रडगाणे होते. महाकाव्याच्या पोटात दडलेला हा सूर मोकळा करून त्यावर पूर्ण अल्बम उभा करायचा, तर ‘कालेवाला’कडून ‘कांतेलेतार’कडे जाणे ही स्वाभाविक वाट होती. मला वाटते, ‘एलेजी’चे बीज याच गाण्यात आहे.

‘एलेजी’च्या वेळेपर्यंत बँड बराच बदललेला होता. ड्रमवर पेक्का कासारी आले होते. की-बोर्ड आणि अ‍ॅकॉर्डियन किम रांताला यांच्याकडे होते. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे मोकळ्या, सुरेल आवाजात गाण्यासाठी पासी कोस्किनेन हे स्वतंत्र गायक आले होते. कोइवुसारी यांचा गुरगुरता आवाज गेला नाही, तो शेजारी राहिला. निर्मिती पीट कोलमन यांची होती. या दोन आवाजांचे नाते हा ‘एलेजी’चा गाभा आहे. त्या काळात बऱ्याच मेटल बँडनी असे दोन आवाज वापरले, पण तिथे बहुधा एक आवाज क्रूर आणि दुसरा कोमल, अशी सरळ वाटणी असे. इथे दोन्ही आवाज एकाच माणसाचे दुःख सांगतात. एकदा ते दाबून धरलेले असते, एकदा उघड झालेले असते, आणि मूळ गीतांमधली ती पुनरुक्ती आपोआप या दोन आवाजांत विभागली जाते.

पहिलेच गाणे ‘बेटर अनबॉर्न’ घ्या. सुरुवातीला सतारीची आठवण करून देणारा झंकार येतो. साठच्या दशकात भारतीय वाद्यांचा नाद पाश्चात्त्य रॉकमध्ये शिरला, तिथपासून चालत आलेली ही छटा आहे. मग जड गिटार येते, आणि शब्द सुरू होतात. मी जन्मालाच आलो नसतो तर बरे झाले असते, असे गाणारा म्हणतो, आणि लगेच हिशोब मांडू लागतो. तीन रात्रींचा असतानाच मेलो असतो तर मला लागले असते ते वीतभर कापड, आणखी वीतभर लाकूड, हातभर चांगली माती, पाद्र्याचे दोन शब्द, चर्चमधल्या गायकाची तीन कडवी आणि घंटेचा एक ठोका. जगण्याचा खर्च आणि मरण्याचा खर्च यांची ही तुलना एखाद्या गरीब घरातच सुचू शकते. मेटलमध्ये मृत्यूवर हजारो गाणी आहेत, पण मृत्यूला लागणाऱ्या सामानाची अशी यादी करणारे गाणे दुर्मिळ. यात आव नाही, म्हणूनच ते अंगावर येते.

दुसरे महत्त्वाचे गाणे ‘माय कांतेले’. त्याचे शब्द ‘कांतेलेतार’च्या अगदी पहिल्या गीताचे आहेत. ‘कालेवाला’मध्ये वृद्ध गायक-वीर वैनामॉइनेन एका प्रचंड पाइक माशाच्या जबड्याच्या हाडापासून पहिली कांतेले घडवतो, ही कथा प्रसिद्ध आहे. हे गीत तिला सरळ खोटे ठरवते. वैनामॉइनेनने माशाच्या हाडांतून वाद्य कोरले असे म्हणणारे निव्वळ थापा मारतात. वाद्य दुःखातून घडले आहे, त्याचे पोट कठीण दिवसांचे, वरची फळी न संपणाऱ्या हालांची, तारा यातना गोळा करून वळलेल्या आणि खुंट्या इतर संकटांच्या, असे ते सांगते. ल्योनरूट यांनी संग्रहाच्या दारातच हे गीत ठेवले आणि अमॉर्फिसने ते अल्बममध्ये दोनदा घेतले: मधोमध विजेच्या गिटारींसह आणि शेवटी अकूस्टिक रूपात. पाठोपाठच्या अल्बममध्ये महाकाव्याकडून लोकगीताकडे वळलेल्या बँडने नेमके हेच गीत केंद्रस्थानी ठेवावे, ही मला या अल्बममधली सर्वांत विचारपूर्वक केलेली निवड वाटते.

संगीताच्या बाजूने पाहिले, तर ‘एलेजी’मध्ये लोकसंगीत हे वरून शिंपडलेले नाही. होलोपाइनेन यांच्या गिटारीच्या धुनी थोड्याच स्वरांत फिरतात, लहान टप्प्यात चढतात-उतरतात आणि पुन्हा पुन्हा आरंभस्थानी येतात. जुन्या फिनिश रूनो-गायनाची, म्हणजे ही पारंपरिक गाणी म्हणण्याच्या पद्धतीची, चालही अशीच अरुंद पट्ट्यातली असते. ‘केअर्स’मध्ये अ‍ॅकॉर्डियनची नाचाची लय मध्येच येते आणि इलेक्ट्रॉनिक वळणाचे की-बोर्डही येतात. पहिल्यांदा ऐकताना हे विसंगत वाटते, पण चिंता विसरायला माणसे जिथे जातात त्या नाचघराचा आवाज चिंतेच्या गाण्यात यावा, हे मला पटते. ‘अगेन्स्ट विडोज’ हे विधवेशी लग्न करू नका असे तरुणांना बजावणारे पुरुषी गाणे आहे. त्यातली कठोरता आज खटकेल, परंतु संग्रहातल्या आवाजांत तोही एक आवाज होता. शीर्षकगीत सात मिनिटांहून मोठे आहे आणि त्यानंतरचे ‘रिलीफ’ केवळ वाद्यांचे.

या सगळ्यामागे फिनलंडची स्वतःची एक परंपरा होती. संगीतकार सिबेलियस यांनी ‘कालेवाला’वरून ‘कुल्लेर्वो’ ही वाद्यवृंदरचना १८९२ मध्ये रचली होती. सत्तरच्या दशकात विगवाम आणि तासावाल्लान प्रेसिदेन्ती या बँडनी फिनिश प्रोग्रेसिव्ह रॉक घडवला, तर साकारी कुक्को यांच्या पीरपाउके या समूहाने जाझ, रॉक आणि लोकधुना एकत्र आणल्या. १९८३ मध्ये हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत लोकसंगीताचा विभाग सुरू झाला. नव्वदच्या सुरुवातीला त्याच शहरात किंग्स्टन वॉल हे त्रिकूट पौर्वात्य वळणाचा सायकेडेलिक रॉक वाजवत होते. इंग्लंडमध्ये स्कायक्लॅडने १९९१ पासूनच मेटलमध्ये व्हायोलिन आणले होते, पण त्यांचा रोख सामाजिक टीकेवर होता. अमॉर्फिसने ज्या जमिनीत मुळे धरली, ती फिनिशच होती.

मग ‘एलेजी’ मागे का पडला? एक कारण श्रोत्यांच्या विभागणीचे. डेथ मेटलच्या चाहत्यांना मोकळा गळा आणि सत्तरच्या दशकातले की-बोर्ड फार मऊ वाटले, आणि प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्यांचे कान गुरगुरत्या आवाजाशी अडले. दुसरे कारण बँडच्या पुढच्या वाटचालीचे. १९९७ च्या ‘माय कांतेले’ या छोट्या ध्वनिमुद्रिकेत हॉकविंड या ब्रिटिश रॉक बँडचे ‘लेव्हिटेशन’ आणि स्वीडनच्या केबनेकाइसे या लोकरॉक बँडचे एक गाणे घेऊन त्यांनी आपले पूर्वज कोण हे जणू नावानिशी सांगितले. १९९९ च्या ‘तुओनेला’मध्ये मात्र ‘कांतेलेतार’ मागे राहिला आणि गुरगुरता आवाजही जवळजवळ संपला. त्या अल्बममध्ये सॅक्सोफोन आणि बासरी वाजवायला पीरपाउकेचेच साकारी कुक्को आले होते, ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. तिसरे आणि मला सर्वांत मोठे वाटणारे कारण असे, की फोक मेटल हा प्रकार पुढे लोकप्रिय झाला तो वेगळ्याच अंगाने. फिनट्रोल, एन्सिफेरम, कोर्पिक्लानी या फिनलंडच्याच बँडनी त्याला नाच, मद्य, जंगल आणि तलवारी दिल्या. त्यात आनंद आहे आणि कसबही आहे. पण घंटेचा एक ठोका आणि वीतभर कापड मोजणाऱ्या गाण्याला त्या मैफलीत जागा उरली नाही.

२०१० मध्ये बँडने आपली सुरुवातीची गाणी नव्या गायकासह पुन्हा ध्वनिमुद्रित करून ‘मॅजिक अँड मेहेम’ या नावाने काढली. त्यात ‘एलेजी’मधलीही गाणी आहेत. ती सफाईदार आहेत, पण कोस्किनेन यांच्या गळ्यातला किंचित अवघडलेपणा त्यांत नाही, आणि या शब्दांना तो अवघडलेपणाच शोभतो. नव्या श्रोत्याने म्हणून मूळ १९९६ चा अल्बमच घ्यावा, शेवटच्या अकूस्टिक ‘माय कांतेले’पासून सुरुवात करावी, त्यातले शब्द नीट कानांत बसू द्यावेत, आणि मग ‘बेटर अनबॉर्न’पासून सगळी पन्नास मिनिटे सलग ऐकावीत.