शिसं वितळवायचं भांडं: तोटीचं घ्यायचं की पळीचं?

मासेमारीच्या गळाची शिशाची वजनं घरी ओतायची ठरवली की पहिला गोंधळ भांड्याचाच होतो, कारण फोटोत दोन्ही प्रकार जवळपास सारखेच दिसतात. ली कंपनीचंच बघा, मॅग्नम मेल्टर आणि प्रो 4-20, दोन्हीत 20 पौंड म्हणजे साधारण 9 किलो शिसं मावतं, दोन्ही विजेवर चालतात, दोन्हीला तापमानाचा नॉब आहे. पण मॅग्नम म्हणजे नुसतं उघडं भांडं, त्यातनं पळीने शिसं काढून साच्यात ओतायचं. आणि प्रो 4-20 ला बुडाशी तोटी आहे, वरची मूठ उचलली की खालून धार पडते.

बहुतेक जण विचारतात की मला दिवसाला किती वजनं ओतायची आहेत, त्यावरून कुठलं घेऊ? माझ्या मते प्रश्न वेगळा आहे, तुमचं शिसं किती घाण आहे ते आधी सांगा.

कारण तोटीचं बूच म्हणजे काय, तर आत उभा असलेला एक लोखंडी दांडा, त्याचं टोक बुडाच्या भोकात बसतं, बस्स. आता शिसं पाण्याच्या 11 पट जड, मग कचरा तर वर तरंगणार, तोटीत जाईल कसा, असं वाटतं ना? मलाही वाटायचं. पण मळी, म्हणजे हाच वर येणारा कचरा, भांड्याच्या कडेला आणि त्या दांड्याला चिकटून राहते, ढवळताना खाली खरवडली जाते, आणि भांडं रिकामं होत आलं की वर तरंगणारी सगळी घाण आपोआप बुडाशी येऊन बसते. मग वाळूच्या कणाएवढी राख दांड्याखाली अडकली तरी पुरते, टप टप सुरू. साचा खालून काढला की थेंब खालच्या ट्रेमध्ये पडत राहतात आणि पाच मिनिटांत तिथे चकचकीत, टोकदार अशी छोटी टेकडी तयार होते. दांड्याच्या वरच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरची खाच असते, ती थोडी इकडेतिकडे फिरवली की कण सुटतो आणि गळणं बरंच थांबतं, पण शिसं घाण असेल तर हे दर वेळी करत बसावं लागतं.

पळीच्या भांड्याला हा त्रासच नाही. जुनी वजनं, पाइपचे तुकडे, चाकांची वजनं टाका, वर आलेली मळी चमच्याने काढा, थोडं मेण किंवा लाकडाचा भुसा टाकून कोरड्या काठीने ढवळा, परत काढा. जस्ताचा तुकडा चुकून आला असेल तर तोही इथेच सापडतो, कारण शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं आणि जस्त 419 ला, म्हणजे 350-360 च्या आसपास ठेवलं तर जस्त न वितळता वर तरंगतं, उचलून बाजूला करता येतं. एकदा का ते विरघळलं की शिसं रवाळ होतं आणि साचा नीट भरत नाही. मोठी वजनं ओतायलाही पळीच बरी, एका दमात सगळा साचा भरतो. पण तोंड उघडं आणि पळी सतत आत-बाहेर, त्यामुळे मळी परत परत धरते, शिवाय पळी थंड झाली की शिसं तिच्यातच गोठायला लागतं, म्हणून ती शिशातच टेकवून ठेवायची.

तोटीचा खरा फायदा लहान वजनांना. चार-सहा खणांचा साचा धारेखाली सरकवत न्यायचा, बुडातलं स्वच्छ गरम शिसं येतं, हात दुखत नाही. पातळी खाली गेली की धार मंदावते, म्हणून अर्ध्यावर आलं की भर टाकावी लागते.

आणि धोका इथेच आहे, हे नीट वाचा. भर टाकता म्हणजे वितळलेल्या शिशात नवीन तुकडा टाकता. पाण्यातून सापडलेल्या जुन्या वजनाच्या भोकात, भेगेत ओल राहिलेली असते, बाहेरून कोरडं दिसलं तरी. त्या पाण्याची वाफ होताना आकार साधारण 1700 पट होतो आणि भांड्यातलं शिसं तोंडावर उडतं. म्हणून भंगार नेहमी थंड भांड्यात टाकून मग भांडं सुरू करायचं, आणि तोटीच्या भांड्यात फक्त आधी शुद्ध करून ओतलेल्या कोरड्या लगडी, त्याही भांड्याच्या कडेवर गरम करून मगच आत. पळीसुद्धा थंड घालायची नाही, तिच्यावरही दव धरलेलं असतं.

बाकी काळजी दोन्हीला सारखीच. उघड्यावर, वारा पाठीमागून, चष्मा, जाड हातमोजे, पूर्ण बाह्या, मुलं लांब. काढलेली मळी म्हणजे शिशाची भुकटी, ती डब्यात बंद करायची, खाण्याआधी हात घासून धुवायचे, त्या भांड्यात परत कधीही स्वयंपाक नाही. गाडीच्या बॅटरीतलं शिसं तर अजिबातच नको, त्यात ॲसिड असतं आणि विषारी वायू निघू शकतात.

तर एकच घ्यायचं असेल आणि शिसं भंगारातलं असेल तर पळीचं घ्या. तयार स्वच्छ लगडी मिळत असतील आणि लहान वजनं खूप ओतायची असतील तर तोटीचं. दोन्ही परवडत असतील तर पळीच्यात शुद्ध करायचं, लगडी पाडायच्या, आणि त्या तोटीच्यात वापरायच्या, मी असंच करतो आणि तेव्हापासून ते स्क्रूड्रायव्हर फिरवणं फार क्वचित लागतं. मागवताना व्होल्टेज मात्र बघा, एकच मॉडेल 110 आणि 220 दोन्हीत येतं.