आत्मकथनपर समकालीन कला आणि लैंगिकतेचा संकोच (ठाणे–नवी मुंबई)

स्वतःचे शरीर, संबंध, गर्भपात, अत्याचार, लाज यांनाच कलाकृतीचा ऐवज मानणारी दृश्यकला. आत्मचरित्र शब्दांवर चालते; इथे चादर, पत्र, औषधाची चिठ्ठी अशी प्रत्यक्ष वस्तूच पाहणाऱ्यासमोर येते.

ब्रिटिश कलावती ट्रेसी एमिन हिने 1995 मध्ये एका तंबूच्या आत, आपण आयुष्यात ज्यांच्याशेजारी झोपलो अशा 102 जणांची नावे कापडी अक्षरांनी शिवली. त्यांत प्रियकर होते, तसेच आजी आणि जुळा भाऊही. तरीही तंबूची ख्याती शय्यासोबत्यांची यादी अशीच झाली. हा तंबू 2004 मध्ये लंडनच्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाला. भारतात चित्रकार भूपेन खख्खर यांनी 1981 च्या चित्रात सज्जात उभा नग्न पुरुष रंगवला. तो खाली बापलेक आणि गाढवाची गोष्ट घडताना पाहतो. खख्खरांची समलैंगिकता त्यांच्या चित्रांतून याच सुमारास उघडपणे बोलू लागली.

महाराष्ट्रात हा वाद जुना आहे. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचे मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर 1954 मध्ये जहांगीर कलादालनातील चित्रांवरून खटला झाला. तो ते जिंकले. आज भारतीय न्याय संहितेचे अश्लीलतेविषयीचे कलम 294 लागू असून त्यात कलेसाठी अपवाद आहे. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते, असे मुंबई उच्च न्यायालयानेही 2024 मध्ये स्पष्ट केले.

ठाणे-नवी मुंबईत मात्र अश्लीलतेच्या तक्रारीपेक्षा ओळख फुटण्याची भीती मोठी, आणि ती रास्त आहे. कलावतीने स्वतःचे झाकण काढले तरी दुसऱ्याचे काढण्याचा हक्क तिला नाही. नाव बदलणे पुरत नाही: ‘घणसोलीच्या अमुक सोसायटीतला, बँकेत असणारा’ एवढ्यावर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये माणूस सापडतो. म्हणून नोकरी, वसाहत, वर्ष यांपैकी किमान दोन तपशील बदलावेत. संमती लेखी आणि मराठीत घ्यावी. प्रदर्शन, छापील पत्रिका व इंटरनेटवरील फोटो यांची संमती वेगवेगळी. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख छापणे त्याच संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे. सज्ञान पीडिता स्वतः लेखी परवानगी देऊ शकते.

नावे शिवायची तर आधी कागदावर यादी पक्की करावी. टाके उसवले तरी सुईची भोके राहतात आणि तिरप्या उजेडात नाव वाचता येते. कागदपत्रांवर मार्कर फिरवणेही फसते, कारण मागून दिवा धरला की अक्षरे दिसतात. स्कॅन करून नाव, केस नंबर, दवाखान्याचा शिक्का पुसावा व नवी प्रत छापून लावावी. सोनोग्राफीचा प्रिंट उष्णतासंवेदी कागदावर असतो. तो कालांतराने फिकटतो, उष्णतेने काळवंडतो. भिंतीवर प्रत, मूळ फाइलमध्ये.

खाडीकाठच्या पावसाळी हवेत घामाचे, रक्ताचे डाग असलेल्या कापडाला बुरशी लवकर धरते, आणि डाग हाच आशय असल्याने धुताही येत नाही. कापड पूर्ण वाळवून जुन्या मलमलीत गुंडाळावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. मांडताना प्रकाश मंद, 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास.

कापूरबावडीच्या ठाणे कलाभवनासारख्या महापालिकेच्या जागेत अर्ज करतानाच विषय स्पष्ट लिहावा. आशय लपवून दालन मिळवले की पहिल्या तक्रारीला सारे उतरवावे लागते. दारातून थेट काही दिसू नये म्हणून आत आडोशाची भिंत उभी करून वळण द्यावे. वाट 120 सेंटिमीटर ठेवावी, चाकाची खुर्ची जाते. वयोमर्यादेची पाटी वळणाच्या अलीकडे लावावी, पलीकडे लावून उपयोग नाही.

पाहणारे स्वतःचे अनुभव लिहू लागतात, यासाठी कुलूपबंद पेटी असावी आणि त्यातले काही प्रदर्शित करू नये. पेटीवर एक सूचना अवश्य हवी: 18 वर्षांखालील मुलावरील अत्याचाराची माहिती मिळाल्यास पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ती पोलिसांना कळवणे आयोजकांवर बंधनकारक आहे.