लष्करी कपडे आणि थर्मल कॅमेरा

थर्मल म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात जवान किती उठून दिसतो हे कपड्यावरच्या हिरव्या-तपकिरी ठिपक्यांवर ठरत नाही, कापड बाहेरून किती तापलंय आणि मागचा दगड, झाड, माती किती तापलीय यातल्या फरकावर ठरतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, कमांडो ट्रेनिंगही इथंच, त्यामुळं कॅम्पात युनिफॉर्म रोज दिसतोय, तरी २०२२ ला आलेला डिजिटल ड्रेस, म्हणजे बारक्या चौकोनी ठिपक्यांचा युनिफॉर्म, घातला की रात्री माणूस दिसतच नाही असं कुणी म्हणालं तर नाईट व्हिजन आणि थर्मल ही दोन वेगळी यंत्रं एकत्र करायलेत समजायचं.

नाईट व्हिजन चांदण्याचा, ताऱ्यांचा उजेड आणि डोळ्याला न दिसणारा पण उजेडाला लागूनच असलेला इन्फ्रारेड वाढवून दाखवतं, तिथं कापडाचा रंग, तो कुठल्या डायनं रंगवलाय याला महत्त्व आहे. थर्मलला बाहेरचा उजेड लागतच नाही. कातडी साधारण ३२-३४ अंशाला असते आणि स्वतःच ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात उष्णता फेकत असते, सुती असो की लोकर, काळं असो की पांढरं, साधं कापडही तसंच फेकतं, म्हणून रात्री रंगाचा उपयोग शून्य.

घोंगडं घ्या. नुकतंच पांघरलं की बाहेरून गार, माणूस फिका दिसतो, पण तासभर बसलं की ऊब हळूहळू बाहेर झिरपते, आणि तोंड, हात तर उघडेच, ते दिव्यासारखे चमकतात. मग चकचकीत ॲल्युमिनियमचा थर लावायचा? तो उष्णता कमी फेकतो खरा, पण वरचं गार आभाळ परावर्तित करतो, त्यामुळं पडद्यावर माणसाच्या आकाराचं काळं भोक दिसतं, शिवाय आत घामाची आंघोळ, आणि साठलेली गरम हवा गळ्यातून, शिवणीतून निघतेच. अंगातली ऊब कुठंतरी जाणारच, कपडा फक्त उशीर करतो. म्हणून चांगल्या पोशाखात अंग आणि बाहेरचा थर यात हवा खेळती ठेवतात.

वेळ बघणंही कपड्याइतकंच कामाचं. खानापूरकडचा जांभा दगड एप्रिलच्या उन्हात माणसापेक्षा जास्त तापतो, सूर्य कलला की उतरत उतरत अंगावरच्या कापडाच्या तापमानाला येतो, तेवढ्या वेळात जवान त्यात मिसळून जातो, नंतर दगड निवला की परत उठून दिसतो. कणकुंबीसारख्या ठिकाणच्या धुवांधार पावसात तर सगळंच एकसारखं ओलं-गार, वर पाण्याचे थेंब मधे येतात, कॅमेरा पार मंदावतो. पातळ पॉलिथीनची खोळ मात्र फसवी, तिच्यातून थर्मलला बऱ्यापैकी आरपार दिसतं, उलट साध्या काचेतून काही दिसत नाही.