बारा-तारी विद्युत गिटार, पोकळ अंगाची
बारा-तारी विद्युत गिटार, पोकळ अंगाची : तारांच्या सहा जोड्या असलेली आणि आतून पूर्णतः किंवा अंशतः पोकळ असलेली विद्युत गिटार. जोडीतल्या दोन तारा इतक्या जवळ असतात की डाव्या हाताचे एकच बोट दोन्ही दाबते आणि नखीच्या एका फटक्यात दोन्ही छेडल्या जातात. सतारीच्या तरफांशी या तारांची तुलना होते, पण ती फारशी पटत नाही. तरफा अनुनादाने कंपतात; येथे दोन्ही तारा प्रत्यक्ष वाजवल्या जातात. १९६०च्या दशकातल्या वाद्यांना जुन्या गिटारींच्या बाजारात आजही गिऱ्हाईक आहे, आणि त्यांच्या कालनिश्चितीचे वादही त्यामुळेच जिवंत राहिले आहेत.

स्वरमेळ : जाड बाजूच्या चार जोड्यांत (ई, ए, डी, जी) मूळ तारेबरोबर एक सप्तक वरची बारीक तार असते, उरलेल्या दोन जोड्या (बी, ई) एकाच स्वरात लावतात. सर्वांत जाड जोडीत ८२.४ व १६४.८ हर्ट्‌झ, तर जी जोडीत १९६ व ३९२ हर्ट्‌झ असे स्वर मिळतात. म्हणजे वाद्यातला सर्वांत उंच खुला स्वर कडेच्या बारीक ई तारेचा (३२९.६ हर्ट्‌झ) नसून मधल्याच जी जोडीतला असतो. त्यासाठी लागणारी तार केसासारखी बारीक असते आणि लावताना बहुधा तीच तुटते.

समस्वरी जोडी कितीही निगुतीने लावली तरी तंतोतंत एक होत नाही. वरच्या ई जोडीत तीन सेंटचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) फरक राहिला तर सुमारे ०.६ हर्ट्‌झचे विस्पंद निर्माण होतात. आवाज पावणेदोन सेकंदांना एकदा फुगतो आणि ओसरतो. या वाद्याच्या आवाजाला ‘झगमगता’ म्हणतात त्याचे एक कारण हे, दुसरे अर्थातच वरच्या सप्तकाची भर. जोडीतला क्रमही महत्त्वाचा आहे. सर्वसाधारण बारा-तारी गिटारीवर नखी वरून खाली येताना आधी बारीक तार लागते, मग जाड. रिकनबॅकर कंपनीने हा क्रम उलटा ठेवला. त्यामुळे तिच्या वाद्यावर खाली जाणाऱ्या फटक्यात मूळ स्वर ठळक येतो आणि वर येणाऱ्या फटक्यात सप्तक चमकते. ध्वनिमुद्रण ऐकून वाद्य ओळखणारे जाणकार बऱ्याचदा याच खुणेवर विसंबतात.

उगम : दुहेरी तारांची गिटार युरोपात जुनीच आहे, स्पेनमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सहा जोड्यांची गिटार प्रचारात होती. तीच पुढे अमेरिकेतल्या बारा-तारी गिटारीची पूर्वज ठरली, असे काही लेखक मानतात. मेक्सिकोच्या बाहो सेक्स्तो या सहा जोड्यांच्या वाद्याकडे बोट दाखवणारेही आहेत, तर काही जण इटालियन स्थलांतरित कारागिरांना श्रेय देतात. अखंड परंपरा दाखवणारा पुरावा यांपैकी कोणाकडेच भक्कम नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कारखानदारांनी नावीन्य म्हणून हे वाद्य पुन्हा घडवले, हे मत अधिक सावध व म्हणून अधिक ग्राह्य वाटते. लेडबेली आणि ब्लाइंड विली मॅक्टेल यांच्या वादनामुळे ते ब्लूज संगीतात रुजले, अर्थात विजेविना.

पहिली विद्युत बारा-तारी कोणती, याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. दोन मानांच्या वाद्यातली एक मान चालत असेल तर मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथे १९५४च्या सुमारास बनलेली स्ट्रॅटोस्फिअर ट्विन पुढे येते. गिटारवादक जिमी ब्रायंट तिच्या बाराही तारा वापरत असे, पण जोड्या सप्तकात न लावता तृतीय स्वरांच्या अंतराने लावत असे. गिब्सन कंपनीची दोन मानांची ईडीएस-१२७५ १९५८च्या सुमारास आली. तिचे सुरुवातीचे नमुने पोकळ होते आणि १९६२च्या आसपास ती भरीव झाली, ही गोष्ट अनेक ठिकाणी सुटून जाते. एकाच मानेचा आग्रह धरला तर १९६१ची डॅनइलेक्ट्रो बेलझूकी आधीची ठरते. वादक विनी बेल यांच्या सहभागाने घडलेल्या या गिटारीमागची प्रेरणा बुझूकी या ग्रीक तंतुवाद्याची होती. रिकनबॅकरला दिला जाणारा ‘पहिली’ हा बहुमान त्यामुळे काटेकोरपणे टिकत नाही. ज्या आवाजामुळे हे वाद्य ओळखले गेले तो मात्र तिच्यापासून सुरू होतो.

रिकनबॅकर ३६०/१२ : १९६३च्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या या कंपनीत बारा-तारी नमुने तयार झाले. पहिला लास व्हेगासच्या गायिका सूझी आर्डेन यांच्याकडे गेला. दुसरा फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्सच्या पहिल्या अमेरिका दौऱ्यात न्यूयॉर्क येथे जॉर्ज हॅरिसन यांच्या हाती आला आणि त्याच महिन्यात लंडनच्या ध्वनिमुद्रणात वाजला. ‘अ हार्ड डेज नाइट’ या चित्रपटाच्या प्रारंभीच्या एकाच स्वरसंघाने तो घरोघरी पोहोचला. त्या स्वरसंघात नेमके कोणते स्वर आहेत यावर आजतागायत लिहिले जाते. गणितज्ञ जेसन ब्राउन यांनी फूर्ये विश्लेषण (आवाजातल्या निरनिराळ्या कंप्रता सुट्या करण्याची गणिती रीत) करून त्यात पियानोचाही वाटा असल्याचे मांडले. चित्रपट पाहून रॉजर मॅग्विन यांनी हीच गिटार घेतली, आणि १९६५ पासून बर्ड्‌स या त्यांच्या संचाने तिला लोकसंगीताच्या चालींशी जोडले. मॅग्विन यांच्या लांब रेंगाळणाऱ्या स्वराचे श्रेय बरेचसे ध्वनिमुद्रणातल्या कॉम्प्रेसरला, म्हणजे आवाजातला चढउतार कमी करणाऱ्या उपकरणाला, आहे.

बारा खुंट्यांसाठी शीर अवाजवी लांब होऊ नये म्हणून रिकनबॅकरमधल्या डिक बर्क यांनी शोधलेली युक्ती पाहण्यासारखी आहे. सहा खुंट्या नेहमीप्रमाणे बाजूंना, तर उरलेल्या सहा शीरात कोरलेल्या खाचांमध्ये मागे तोंड करून, जवळपास अभिजात गिटारीसारख्या बसवल्या. त्यामुळे शीर सहा-तारीएवढेच राहिले. तार बदलताना मात्र बोटांची परीक्षा होते. मान सुमारे ४१ मिमी रुंद असल्याने जाड बोटांच्या वादकांची कुरकूर जुनीच आहे.

रचना : ‘पोकळ’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. रॉजर रॉसमाइसल या जर्मन कारागिराच्या आराखड्यानुसार रिकनबॅकरचे अंग मेपलच्या ठोकळ्यातून मागच्या बाजूने कोरून काढतात आणि वर पाठ चिकटवतात. गिब्सनच्या १९६५च्या ईएस-३३५-१२ मध्ये तबली व पाठ थरांच्या लाकडाच्या असून मधोमध भरीव ठोकळा असतो. पूर्ण पोकळ अंग मोठ्या आवाजात प्रवर्धकाशी गुंतून घूं घूं करू लागते; त्याला आवर घालण्यासाठी हा ठोकळा. हार्मनीच्या एच-७९ सारख्या स्वस्त वाद्यांविषयी संदर्भग्रंथांत जेमतेम दोन ओळी असतात.

पोकळ अंगामुळेच तो खणखणीत आवाज येतो, असे सर्रास छापलेले आढळते. हे जपूनच स्वीकारावे लागते. फेंडर कंपनीची भरीव अंगाची इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह (१९६५) त्याच दशकातल्या अनेक मुद्रणांत तशीच खणखणते. जुन्या रिकनबॅकरमध्ये घोडीजवळच्या पिकअपला (तारेची कंपने विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागाला) एकसरीत ०.००४७ मायक्रोफॅरडचा धारित्र जोडलेला असतो; तो खर्ज गाळून टाकतो. आवाजात लाकडाइतकाच, कदाचित अधिक, वाटा या चिमुकल्या भागाचा असावा. पुढील मालकाने तो काढून टाकला असेल तर वाद्य बाहेरून तेच दिसते, पण वाजते निराळे.

कालनिश्चिती : जोडतारांमुळे मानेवरचा ताण सहा-तारीच्या जवळपास दुप्पट होतो. म्हणून जुने वाद्य पाहताना जाणकार आधी मानेच्या कडेने नजर लावून बाक तपासतात, मग शेपटीकडचा धातूचा धारक. रिकनबॅकरचा आर अक्षराच्या आकाराचा धारक या ताणाने तडकल्याची उदाहरणे आहेत. एका जोडीला एकच पाया असलेली घोडी असेल, तर जाड आणि बारीक तार वरच्या पडद्यांवर एकाच वेळी सुरात मिळत नाहीत. हा दोष नव्हे, मूळ रचनाच तशी आहे.

रिकनबॅकरचा अनुक्रमांक प्रवर्धकाची केबल जोडायच्या धातूपट्टीवर असतो. त्या काळच्या पद्धतीत पहिले अक्षर वर्षाचे (सी म्हणजे १९६३, डी म्हणजे १९६४) व दुसरे महिन्याचे असते. पण पट्टी स्क्रूने बसवलेली असल्यामुळे ती दुसऱ्या वाद्यावरही चढू शकते. म्हणून पोटेन्शिओमीटरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणामागच्या भागाच्या) पाठीवरचे आकडे ताडून पाहतात : १३७६५१२ असे असेल तर १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा संकेत, पुढे १९६५चा बारावा आठवडा. हा सुट्या भागाचा काळ आहे, गिटारीचा नव्हे. फेंडरने १९६६ मध्ये घेतलेला या भागांचा साठा पुढे कित्येक वर्षे पुरवला होता. तेव्हा अशा आकड्यांवरून ‘याच्या आधीची नाही’ एवढेच म्हणता येते. विक्रीच्या वर्णनात नेमके वर्ष दिलेले असले तरी ते बहुधा अंदाजच असते.

पडद्यांची पट्टी ब्राझिलियन शिसवीची असल्यास प्रश्न निराळा होतो. हे लाकूड १९९२ पासून वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या साइट्‌स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि असे वाद्य एका देशातून दुसऱ्या देशात विकताना ते त्यापूर्वीचे असल्याची कागदपत्रे लागतात.